धन्यवाद, जावईबापू

४ फेब्रुवारी, मंगळवार

सासऱ्यांच्या घशाचं ऑपरेशन नीट झालं. स्वरतंतूवर गाठ होती, काढली. आता तीन आठवडे पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही. त्यानंतर आवाज येईल का, आणि आला तर किती, यावर डॉक्टर 'बघू' म्हणतात. हा माणूस तीस वर्षं बस स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करत होता. जेवताना मीठ मागितलं तर शेजारच्या घरातही मिठाची बरणी खाली यायची.

तीन आठवडे आमच्याकडेच राहणार. बायको काळजीत. मीही.

(तीन आठवडे ते मला काही बोलू शकणार नाहीत हा विचार चाटून गेला. लगेच हाकलला. दोनदा हाकलला.)

५ फेब्रुवारी

साडू आले. येताना पांढरी पाटी आणि मार्कर. लगेच सगळीकडे कौतुक. किती साधं, किती छान, कसं सुचलं! पाटी कुणालाही सुचते. सासऱ्यांनी त्यावर पहिलं वाक्य लिहिलं: 'जावई कुठे आहेत? दिसले नाहीत.' मी समोरच बसलो होतो.

निश्चय: ॲप बनवायचं. मोठी मोठी बटणं. दाबलं की फोन बोलेल. पाणी, औषध, पंखा, लाइट, भूक, दुखतंय, उठायचंय. शेवटचं बटण 'धन्यवाद, जावईबापू'. हे माझ्यासाठी नाही. रुग्णाला कृतज्ञता व्यक्त करता आली की बरं वाटतं, असं कुठेतरी वाचलंय.

गेली बारा वर्षं कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्याच्या ॲपमधलं बटण दोन पिक्सेल सरकलं तरी मला झोप लागत नाही आणि मी त्यालाही लागू देत नाही. बटण म्हणजे काय, हे माझ्याइतकं कोणाला कळणार?

दोन दिवसांचं काम. फार तर दीड.

६ फेब्रुवारी, दुपारी

ऑफिसात उंटाला सांगितलं. उंट म्हणजे आमचा डेव्हलपर. मान लांब, चाल सावकाश, आणि माझे बग रिपोर्ट पाण्यासारखे साठवून ठेवतो, महिना महिना काढत नाही. तो म्हणाला, तयार साचे मिळतात, बटणं माउसने ओढायची, सोडायची, आपोआप नीट बसतात.

ओढायची आणि सोडायची! मी काय फर्निचर हलवतोय? माझं प्रत्येक बटण कोडमधून जन्माला येणार. डावीकडून किती, वरून किती, रुंदी, उंची, चारही आकडे माझ्या हातचे. उंट म्हणाला, हौस दांडगी आहे. त्याला हेवा वाटला.

७ फेब्रुवारी

पहिलं बटण तयार झालं. एकही एरर नाही. फक्त दिसत नाही.

८ फेब्रुवारी

अजून दिसत नाही. आकार मोठा केला. रंग लाल केला. फोन रीस्टार्ट केला. बायकोला चष्मा लावून बघायला सांगितलं. ती म्हणाली, पांढरा पडदा छान आहे, साडूंच्या पाटीसारखा.

संध्याकाळी शोध लागला. बटण तयार करणं वेगळं आणि ते पडद्यावर टाकणं वेगळं. त्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागते. म्हणजे बाळ जन्मलं होतं, घरी आणायचं राहिलं होतं. लाल बटण दिसल्यावर मी हॉलमध्ये उडी मारली. सासरे दचकून पाटीवर काहीतरी लिहायला लागले, तोवर मी दुसरी मारली.

९ फेब्रुवारी, रविवार

बटण वर सरकवायला आकडा वाढवला, ते खाली गेलं. आणखी वाढवला, पडद्याबाहेरच गेलं. शाळेत आलेखावर वर जायला आकडा वाढवायचो, इथे उलटं. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांचं गणित कच्चं असावं. मी जुळवून घेतलं. मोठ्या मनाने.

१० फेब्रुवारी

आठही बटणं जागेवर! दोन उभ्या रांगा, चार-चार. काय ते अंतर, काय ती शिस्त! माझ्या फोनवर बघत बसलो. चहा दोनदा गार झाला.

फोन वेगवेगळ्या रुंदीचे असतात हे मी विसरलो नाही, याची इथे नोंद व्हावी. दूरदृष्टीने भागाकार घातला. फोनची रुंदी भागिले चारशे, आणि जे उत्तर येईल त्याने सगळ्या जागा गुणायच्या. फोन मोठा तर बटणं लांब लांब, छोटा तर जवळ जवळ. उंटाला हे या जन्मात सुचलं नसतं.

आवाज मीच दिला. बायकोला विचारलं होतं. ती म्हणाली, बाबांनी आयुष्यभर स्वतःच्या आवाजावर पोट भरलं, आता तुझ्या आवाजात पाणी मागायचं? मी म्हटलं, बदल चांगला असतो. तिने 'नको' असंही एक बटण घाल म्हणून सांगितलं. मी घातलं नाही. आजारपणात नकारात्मक शब्द कशाला?

१२ फेब्रुवारी

टेस्टिंग पूर्ण. टेस्टर मीच. सगळं पास. बग शून्य. बारा वर्षांत इतकं स्वच्छ ॲप माझ्या हाताखालून गेलेलं नाही.

उद्या बायको ऑफिसला. मी वर्क फ्रॉम होम घेतलंय. ॲप सासऱ्यांच्या जुन्या फोनवर टाकलं. पाटी कपाटावर ठेवली, म्हणजे तंत्रज्ञानाला संधी मिळेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी १०

शुभारंभ. सासऱ्यांना सोफ्यावर बसवलं. (आमचा सोफा खोल आहे. त्यात बसलेला माणूस कुणी हात दिल्याशिवाय उठत नाही, त्यात त्यांचे गुडघे.) फोन हातात दिला आणि म्हटलं, बाबा, काय हवं ते बिनधास्त मागा. मग आतल्या खोलीत कामाला बसलो.

सकाळी १०.२०

पहिलं बटण वाजलं! 'धन्यवाद, जावईबापू!' माझ्याच आवाजात, पण भाव त्यांचा. अंगावर काटा आला.

सकाळी ११

आणखी चार वेळा धन्यवाद. शेवटी बाहेर जाऊन म्हटलं, अहो बाबा, कसले आभार, कर्तव्यच आहे. त्यांनी वर बोट केलं. म्हणजे सगळी वरच्याची कृपा. केवढा विनम्र माणूस! इतकी वर्षं मला कळलाच नाही. वर पंखा जोरात होता, गारवा छान होता.

दुपारी १२.३०

धन्यवाद थांबत नाहीत. मीटिंगमध्येही मागून ऐकू येत होतं. मॅनेजरने विचारलं, घरी कार्यक्रम आहे का? म्हटलं, सासरे आहेत. मॅनेजरने विषय बदलला. त्याचे सासरे त्याच्याशी बोलत नाहीत, असं ऐकून आहे.

पुन्हा डोकावलो. सासऱ्यांनी अंगठा ओठांकडे नेऊन दाखवला. अंगठा म्हणजे लाइक! मीही अंगठा दाखवला. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही.

दुपारी ३

एक ठरवलं. हे ॲप एका घरापुरतं ठेवणं म्हणजे स्वार्थ होईल. जगात गप्प बसलेले सासरे किती असतील!

संध्याकाळी ७

बायको घरी आली.

दारातूनच ओरडली. मी धावत बाहेर. सासरे सोफ्यात रुतलेले. अंगावर सोफ्याचं कव्हर, त्यावर चटई, त्यावर आजचा पेपर. ओठ सुकलेले. डोळे माझ्यावर. बोट त्या एकाच बटणावर, दाबतायत, दाबतायत, आणि माझा आवाज आनंदाने म्हणतोय, धन्यवाद, जावईबापू, धन्यवाद, जावईबापू.

बायकोने पंखा बंद केला, पाणी दिलं, कपाटावरून पाटी काढली. सासरे पाच मिनिटं लिहीत होते. पाटी पुसून परत लिहिलं. बायकोने मला वाचू दिलं नाही. माझ्यासाठी तिने एवढंच केलं.

फोन पाहिला. वरच्या डाव्या कोपऱ्यात एकच बटण. बाकीची सात त्याच्या खाली, एकावर एक. शेवटी बनवलेलं सगळ्यात वर.

वाईट वाटलं. खरंच. माणूस तिथे पाणी मागत होता आणि मी आत बसून लाजत होतो.

तरी एक आहे. बटण वाजत होतं. दिवसभरात एकदाही क्रॅश नाही.

१४ फेब्रुवारी

घोडं कुठे पेंड खातं ते उंटाने अर्ध्या मिनिटात दाखवलं. माझ्या फोनची रुंदी चारशे अकरा. भागिले चारशे, उत्तर एक आणि थोडं वर. पण मी पूर्ण आकडा मागितला होता, म्हणून नुसता एक. सासऱ्यांचा फोन तीनशे साठ. भागिले चारशे, पूर्ण आकडा शून्य. सगळ्या जागा गुणिले शून्य. सगळी बटणं कोपऱ्यात.

उंट विचारायला लागला, छोट्या फोनवर आधी तपासा हा नियम कंपनीत कोणी आणला? मी आणला. त्याने बग रिपोर्ट लिहून मला पाठवला, माझ्याच फॉर्ममध्ये, 'तीव्रता: सासरे' असं लिहून. ऑफिसभर हसले. मी रिपोर्टमधल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या.

१६ फेब्रुवारी

दुरुस्त आवृत्ती. आता नऊ बटणं. 'नको' घातलं. बायकोने उभं राहून घालून घेतलं.

१८ फेब्रुवारी

सासरे ॲप वापरतात! फक्त एकच बटण. मी खोलीत शिरलो की 'नको'. मी सूप नेलं, 'नको'. बायकोने तेच सूप नेलं, प्यायले. स्वतःच्याच आवाजात दिवसभर नकार ऐकणं हा वेगळा अनुभव आहे. पण वापर वाढतोय. आकडे खोटं बोलत नाहीत.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तपासणी. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंच्या खोलीत आम्ही तिघं. बाई म्हणाल्या, हळू 'आ' म्हणा. सासऱ्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा. पुन्हा हवा. बायकोने माझं मनगट इतकं दाबलं की बोटं बधिर झाली. तीस वर्षं ज्या आवाजावर लोक पिशव्या उचलून पळायचे, तो गेला असं वाटलं. मी मनात म्हटलं, येऊ दे. मला हवं ते बोलू दे, पण येऊ दे.

तिसऱ्या वेळी आला. घोगरा, गंजलेल्या कडीसारखा, पण आला. बायको रडायला लागली. मलाही काहीतरी झालं, पण मी खिडकीकडे बघत होतो.

मग सासरे पहिलं वाक्य बोलले. माझ्याकडे बोट करून बाईंना म्हणाले, "हे आमचे जावई. यांच्यापासून वाचलो."

सासऱ्यांच्या फोनवरची बटणं बघून बाईंनी ॲपबद्दल विचारलं. मी लगेच म्हटलं, उद्याच डेमो देतो. त्यांचा बुधवारी वर्ग असतो, पक्षाघाताने वाचा गेलेल्यांचा. हीच ती संधी. उंटाला मेसेज केला, उद्यापासून तुला माझ्या हाताखाली यावं लागेल.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सहा पेशंट. सासरेही सोबत आले होते, मागे बसले होते. हॉस्पिटलचा टॅबलेट. मी तो आडवा धरला, सगळ्यांना दिसावा म्हणून. रुंदी वाढली, भागाकार इमानदारीने चालला, आणि खालच्या आडव्या ओळी पडद्याबाहेर गेल्या. वरच्या ओळीतलं 'पाणी' आणि 'औषध' उरलं. मी म्हटलं, गरजा मर्यादित असाव्यात. कोणी हसलं नाही. टॅबलेट उभा केला, तर सुतारकाका म्हणून एक होते, त्यांचा उजवा हात चालत नव्हता आणि निम्मी बटणं पार उजवीकडे होती. त्यांनी टॅबलेट बाजूला सारला. दोन महिने त्यांच्या घशातून एक आवाज आलेला नाही, असं त्यांच्या बायकोने सांगितलं.

मी घाम पुसत होतो. तेवढ्यात सासरे उठले. घोगऱ्या आवाजात म्हणाले, थांबा, मी सांगतो, हे ॲप काय आहे. आणि सगळं सांगितलं. सोफा, पंखा, चटई, पेपर. मी डोकावून अंगठा दाखवला तो प्रसंग करून दाखवला. माझा चेहरा केला. माझा आवाज काढला, 'धन्यवाद, जावईबापू!', आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगला काढला.

सुतारकाका हसले. आवाज करून. आधी एक हिसका, मग मोठ्याने. त्यांच्या बायकोने तोंडावर हात धरला. मग ती माझ्याकडे बघून हात जोडायला लागली. काय करावं कळेना. मीही जोडले.

बाई सासऱ्यांना म्हणाल्या, दर बुधवारी याल का? सासरे म्हणाले, येतो, मुलीचं घर जवळच आहे, तिथेच राहीन.

तिथेच म्हणजे आमच्याकडे.

५ मार्च, बुधवार

सासऱ्यांचं सामान आलं. साडूंनीच पोचवलं, उत्साहाने.

आवाज सुधारतोय. आज मीठ मागितलं, शेजारचं दार उघडलं.

ॲपमध्ये सुधारणा करायचा विचार बाईंना सांगितला. त्या म्हणाल्या, ॲप राहू दे, पण तुम्ही या. तुम्ही समोर असलात की पेशंट जास्त हसतात. म्हणून दर बुधवारी हाफ डे टाकलाय. आज खुर्ची मी जरा कोपऱ्यात ठेवली होती. बाईंनी ती मधोमध आणून ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि सासरे म्हणाले, आता हलू नका.