राहते घर आणि एक न दिलेला पास

मी, खाली सही करणार, वय एकसष्ट, पूर्वीची बास्केटबॉल खेळाडू व नंतरची प्रशिक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. गुडघ्यांचा दाखला त्या देऊ शकल्या नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. छातीतले दुखणे आता फार दिवस दम धरेलसे वाटत नाही, म्हणून हा खटाटोप.

१. माझी पदके व करंडक थोरल्या भावाला द्यावेत. दादा, मी कॉलेजात खेळायला लागले तेव्हा तू म्हणाला होतास, "ताडमाड वाढलीस तेवढं पुरे, आता वर उड्या कशाला?" पेपरात फोटो आल्यावर मात्र तो पाहुण्यांना तूच दाखवायचास. आता पुरावाही जवळ ठेव. वहिनीने तुझ्या नकळत माझ्या सामन्यांची कात्रणे एका वहीत चिकटवली आहेत. ती वही वहिनीचीच. त्या वहीला कुणी हात लावू नये.

२. चेंडू व शिट्टी नगरपालिकेच्या मैदानावर शिकायला येणाऱ्या मुलींना. चेंडू कपाटात ठेवायचा नाही, झिजवायचा.

३. माझ्या व्यावसायिक संघाच्या व्यवस्थापकांना काही नाही. अकराव्या हंगामात माझा गुडघा सुजून भोपळा झाला होता. त्यांनी इंजेक्शन देऊन मला उतरवले. "एकच मॅच, ताई," म्हणाले. ती शेवटचीच ठरली. पुढच्या आठवड्यात संघाच्या वसतिगृहात माझ्या पलंगावर दुसऱ्या मुलीची बॅग होती. मी त्यांना माफ केलेले नाही. हे इथे लिहिता येते का, असे वकिलांना विचारले. ते म्हणाले, "लिहा, त्याने कुणाचं अडत नाही."

४. तिसऱ्या मजल्यावरचे राहते घर, दोन खोल्या, भांड्याकुंड्यांसह, माझ्या मैत्रिणीला द्यावे. ती डावखुरी, म्हणून सगळे तिला डावरी म्हणतात. हे कलम लांबणार आहे.

दादाचे म्हणणे, घर रक्तात राहावे. माझ्या गुडघ्यातून रक्त काढत होते, तेव्हा दादा तिकडे फिरकला नव्हता. मी कुबड्या घेऊन परतले, त्या दिवशी बसथांब्यावर डावरी उभी होती, कापडाच्या दुकानातून अर्धी रजा काढून. "चल," एवढेच म्हणाली आणि माझी पेटी उचलून चालू लागली. तेव्हापासून आम्ही एकत्र राहतो.

ती दुकानात कापड का मोजत होती, हेही सांगायला हवे. कॉलेजात आम्ही एकाच संघात होतो. मी उंच, ती बुटकी आणि पाऱ्यासारखी. माझ्या दहातल्या आठ बास्केट तिच्या पासवर व्हायच्या. शेवटच्या वर्षी अंतिम सामन्याला व्यावसायिक संघाचे लोक मुलगी निवडायला आले. जागा एकच होती. चार सेकंद उरले होते आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. डावरी बास्केटखाली मोकळी उभी होती. मी तिला पाहिले, आणि स्वतःच चेंडू मारला. तो आत गेला. त्यांनी मला नेले.

हे मी तिला कधी बोलले नव्हते. गेल्या महिन्यात दुपारी शेंगा सोलताना तोंडून निघून गेले.

"त्या फायनलला तू मोकळी होतीस."

"हो."

"मी बघितलं होतं तुला."

"माहीत आहे. नजरानजर झाली होती आपली."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? बॉल आत गेला ना. बाहेर गेला असता तर झिंज्या उपटल्या असत्या तुझ्या."

मी हसले. ती हसली नाही. शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "पहिली तीन वर्षं तुझ्या मॅचला रेडिओ बंद करायचे मी. चौथ्या वर्षी लावला."

"का?"

"तुला पास कोण देतंय, ते ऐकायला."

मी घराचे सांगितले, तशी ती उसळली. "त्या पासाची भरपाई म्हणून देत असशील तर नको मला! म्हातारपणी भाड्याने राहीन."

"भरपाई नाही गं. घर तुझंच आहे. इथे कुठली फरशी हलते, तेसुद्धा मला तुला विचारावं लागतं."

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप समोर ठेवून म्हणाली, "घेईन घर. पण जे शेंगा सोलताना बोललीस, ते कागदावर लिही. तुझा भाऊ वाचेल, वकील वाचेल. सगळ्यांना वाचू दे."

५. त्यानुसार मी जाहीर करते की, माझी व्यावसायिक संघात निवड झाली तो खेळ मी एकटीने केलेला नव्हता. तो मी डावरीच्या <s>मदतीने</s> बरोबरीने केला होता. तिला द्यायचा पास मी जाणूनबुजून दिला नाही.

वरील मजकूर डावरीला वाचून दाखवला. तिने एकच शब्द बदलायला लावला. त्या खाडाखोडीवर माझी सही आहे.

ठिकाण: राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक: नऊ, महिना दुसरा, सकाळी

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार दुसरे: तळमजल्यावरचे शिंपीकाका (सही, चष्मा घरी राहिल्याने मजकूर मोठ्याने वाचून घेतला, दोनदा)