सोनवणेमामांना दोन कप

शालू,

पाच वाजता मंडळी तुझी एस्तेरवहिनी गेली म्हणून सांत्वनाच्या प्रार्थनेला येतील. मी घरात नसेन. चहा पातेल्यात आहे, गरम करून दे. तू मात्र पिऊ नकोस, साखरेच्या जागी मीठ घातलंय. सोनवणेमामांना दोन कप पाज. महिनाभर मला शिकवतायत, "एस्तेर प्रभूजवळ सुखात आहे." आणि स्वतःला ठसका लागला की रिक्षा करून डॉक्टरकडे पळतात! एवढी खात्री आहे, तर घाबरतात कशाला?

मी कॅन्सरच्या वॉर्डात चाललोय. एस्तेरच्या शेजारच्या खाटेवर पेठकडची भागीबाई आहे ना, तिला भेटायला कुणी येत नाही. एस्तेरला स्वतःला घास गिळवत नव्हता, तरी तिला भरवायची. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "मी पुढं होते. तुम्ही हिला जेवू घाला, मग या सावकाश." जशी काय लग्नाला निघाली होती! खात्री म्हणतात ती ही. आणि मी? महिनाभर तिकडे फिरकलोच नाही. घरात तोंड लपवून मामांची टिंगल करत बसलो.

मऊ भात डब्यात घेतलाय. त्या चहाचा पहिला कप मीच पिऊन निघालोय, गाळासकट.

दादा