आईची पहिली फटफटी

कारा-बुलुन,
३ जुलै २००९

चि. मेलिस यास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र नारिनच्या बसवाल्याने परवा आणून दिलं. फोनवर मला नीट भांडता येत नाही. टेकडीवर जाऊन उभं राहिलं की कुठे आवाज येतो, आणि ऐन मुद्द्यावर आलं की तुटतो. म्हणून हे पत्र. भांडण होणार आहे, ते आधीच सांगून ठेवते.

वर तेरेक-सूच्या शाळेत मी आठवड्यातून तीन दिवस जाते ना, तिकडे जाणारी जीप बंद झाली. जीपवाला तुमच्याकडेच गेला, रशियात. तुझ्या बाबांच्या माघारी राहिलेला घोडाही म्हातारा झालाय. त्याच्यावर बसायचं माझ्या जिवावर येतं, आणि चढायचं माझ्या गुडघ्याच्या. मध्यंतरी शिक्षणाधिकारी आले होते. चहा प्यायले, जर्दाळूचा मुरंबा बशी पुसून खाल्ला आणि म्हणाले, की जिपाराबाई, सप्टेंबरपासून तुम्ही वर पोचणार नसाल तर शाळा बंद करतो, मुलं लांब आत-बाशीच्या वसतिगृहात जातील. मुलं म्हणजे कोण रे, अजून आईच्या कुशीशिवाय झोप न येणारी. मी म्हटलं, पोचेन. कशाने, ते त्यांनी विचारलं नाही. बरं झालं, कारण मलाच माहीत नव्हतं.

आता माहीत आहे. मी फटफटी घेणार.

हस तू. शेजारची दामिरा तर हसून हसून चुलीपाशी बसलीच. म्हणाली, की अगं बाई, पन्नाशी उलटल्यावर लोक जपमाळ घेतात हातात, तू क्लच धरणार का? पण दुसऱ्याच दिवशी तिचा नवरा हळूच विचारून गेला, की घेतल्यावर मला एक चक्कर मारू द्याल ना.

मला घोडा येतो, सायकल येते. पुढचं येत नाही. तू शाळेच्या वह्यांच्या मागच्या पानांवर गाड्याच काढायचास, त्याबद्दल माझ्याच हातचा मारही खाल्लायस. तेव्हा आता सांग, नवशिक्याने पहिली गाडी कुठली घ्यावी?

लोभ आहेच, थंडीत तो गोठू देऊ नकोस.
तुझी आई, जिपारा


नोवोसिबिर्स्क,
१७ जुलै २००९

ती. आईस मेलिसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी खाटेवरून उठून उभाच राहिलो. खोलीतले सगळे घाबरले. आपल्याच मुलुखातली माणसं, त्यांना घरचं पत्र म्हणजे आधी वाईटच सुचतं. विचारायला लागले, की काय झालं, कोण गेलं. मी म्हटलं, कोणी गेलं नाही, आई मोटरसायकल घेतेय. मग असा गोंधळ झाला की काय सांगू. जो तो आपापल्या पसंतीची गाडी सांगायला लागला. दोघांचं तर तुझ्या गाडीवरून वाजलंच.

आई, आधी काळजीचं बोलतो. तो घाट मला माहीत आहे. खडी, वळणं, मधे तीनदा ओढा. तू पडलीस तर कळणार कोणाला? पण तू ठरवलंस म्हणजे ठरलं, एवढं तुझ्या पोटी जन्मून शिकलोय.

तर ऐक. छोट्या गाडीच्या वाटेला जाऊ नकोस. चढावर दम सोडते. माझा मित्र कुबात आहे ना, त्याची काळी दोनशे पन्नास सीसीची आहे, तो विकतोय. भारी गाडी जमिनीला धरून चालते, वाऱ्याने हलत नाही. आवाज काय, चाल काय! मी कुबातशी बोललो, त्याने ती तुझ्यासाठी राखून ठेवलीय. तू फक्त जा आणि घेऊन ये. मी इथून ऐसपैस हेल्मेट पाठवतो, त्यात तुझा अंबाडा मावेल.

तुझ्या रागालोभाचा एकुलता एक हक्कदार,
मेलिस


कारा-बुलुन,
३० जुलै २००९

चि. मेलिस यास आशीर्वाद. वि. वि.

कुबातकडे जाऊन आले. गाडी सुरेख आहे, खोटं कशाला बोलू. पुसून चकचकीत केली होती, लग्नातल्या घोड्यासारखी. मी वर बसले आणि माझे पाय लोंबायला लागले. चवड्यांवर कशीबशी टेकले. कुबात म्हणाला, की काकू, चालू लागली की पाय कशाला लागतात? मी म्हटलं, बाळा, चालू लागेपर्यंत आणि थांबल्यावर लागतात.

नंतर फार काही घडलं नाही. मी पडले. चालवताना नव्हे हं, जागच्या जागी उभी असताना. गाडी डावीकडे जराशी कलली, मी सावरायला गेले, आणि आम्ही दोघी मिळून त्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर. कोंबड्या अजून सापडताहेत म्हणे. मला लागलं नाही, नुसतं खरचटलं. पण मला ती गाडी उचलता येईना. सगळा जोर लावला, हलेना. कुबात आला आणि हसत हसत त्याने ती उभी केली. मी त्याला विचारलं, की हे बरं झालं, पण घाटात तू असशील का? तो कोंबड्यांच्या मागे गेला.

तेव्हा ती गाडी नको. त्याला नमस्कार करून परत आले.

आणि आता एक बोलते, राग मानू नकोस. तू माझ्यासाठी गाडी निवडली नाहीस. वहीच्या मागच्या पानावरचीच निवडलीस. माझी उंची तुला ठाऊक आहे, माझा गुडघाही ठाऊक आहे. पत्रात त्यांचा शब्द नाही. आवाज आहे, चाल आहे. निबंध चांगला आहे, विषय सोडून आहे.

मायेत तूट नाही, गुणांत आहे.
आई


नोवोसिबिर्स्क,
२१ ऑगस्ट २००९

ती. आईस सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. काम होतं असं लिहिणार होतो, पण तू बरोबर ओळखशील. मला राग आला होता. चार-पाच दिवस तुझं पत्र उशाखाली ठेवून झोपलो आणि सकाळी उठून पुन्हा रागावलो.

मग एक दिवस बांधकामाच्या परांचीवर विटा चढवताना लक्षात आलं, की मी मनातल्या मनात ती काळी गाडी आपल्या अंगणात उभी केली होती. तू तिच्यावर कधी बसलेलीच नव्हतीस. मीच कधीतरी घरी येणार, फाटक उघडणार आणि ती तिथे असणार, असं. चार वर्षांत यायला जमलं नाही. म्हणून गाडीला पुढे पाठवत होतो बहुधा.

आता विषयाला धरून लिहितो. इथे एक उझबेक म्हातारा आहे, जन्मभर गाड्या दुरुस्त केलेला, त्याला सगळं विचारलं. दोन्ही पाय सपाट टेकले पाहिजेत, चवडे नव्हे. गाडी विकत घेण्याआधी स्वतः आडवी पाडायची आणि स्वतः उचलायची. उचलता आली तरच आपली. एकशे पंचवीसची तुझ्या वजनाला रग्गड आहे, घाटात पहिल्या गिअरमध्ये कुरकुरेल पण चढेल. ज्या गाडीचे भाग आत-बाशीत मिळतात तीच घे. इंजिनाला हात लाव, गरम असेल तर विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवलंय, म्हणजे थंडीत किक मारून दमशील. शेवटी म्हातारा म्हणाला, की रंगावर भाळू नकोस असं आईला सांग. मी म्हटलं, ती नाही भाळायची. भाळतो तो मी.

हेल्मेट आपल्याकडे येणाऱ्या बसवाल्याकडे दिलंय. अंबाड्यासकट घालून बघ.

तुझ्या लाल पेन्सिलीला भिऊन असणारा,
मेलिस


कारा-बुलुन,
१२ सप्टेंबर २००९

चि. मेलिस यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

गाडी घेतली!

आत-बाशीच्या रविवारच्या बाजारात गेले, दामिराचा नवरा बरोबर. पहिल्याच माणसाची गाडी छान दिसत होती. मी इंजिनावर तळहात ठेवला तर चटका बसला. म्हटलं, दादा, सकाळी सकाळी हिला ताप कसा? तो म्हणाला, उन्हामुळे. आणि आम्ही सगळे सावलीत उभे.

पुढची एक लहानशी लाल. लाल म्हणजे एके काळी असेल, आता उकडलेल्या बिटासारखी. इंजिन गार. किक मारली, दुसऱ्या खेपेला बोलली. पाय टेकले, दोन्ही, टाचांसकट. मग मी मालकाला सांगितलं, की आता मी ही पाडते. तो ओरडला, की बाई, डोकं ठिकाणावर आहे का? मेंढ्यांचे सौदे सोडून लोक गोळा झाले. मी गाडी हळूच आडवी केली, तिच्याकडे पाठ करून खाली बसले, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची दांडी धरली आणि पायांच्या जोरावर मागे मागे रेटत उठले. ती उठली, मेलिस. एक म्हातारा मेंढपाळ म्हणाला, की माझ्या सुनेने मला असं उचललं असतं तर मीही अजून दहा वर्षं चाललो असतो.

मग खळ्यावर सराव. क्लच सोडताना गाडी मेंढरासारखी उड्या मारायची. ब्रेक हळूहळू दाबायचा, हे मी कुंपणाला धडकून शिकले.

पहिल्या दिवशी वर जाताना दुसऱ्या ओढ्यात पडले. पाणी गुडघाभर, दगड बुळबुळीत. आजूबाजूला चिटपाखरू नाही. बसून राहिले, थोडी रडले, ते कोणाला सांगू नकोस. मग पाठ केली आणि उचलली. भिजलेली गाडी चालू होईना. पुसली, थांबले, किक मारत राहिले. झाली चालू.

शाळेत पोचले तेव्हा पोरं दारातच होती. चिंब बाई बघून कोणी हसलं नाही, उलट एकीने आपली शाल आणून दिली. त्या दिवशी पाढे कमी झाले, गाडीच जास्त झाली. अधिकारी काल येऊन हजेरी बघून गेले. शाळा चालू राहील.

इतकी सुखात आहे की तुझी आठवण दुप्पट येते.
आई


आगगाडीतून, कझाखस्तान ओलांडताना,
२७ ऑक्टोबर २००९

ती. आईस सा. न. वि. वि.

चार वर्षांनी घरी आलो, आणि परत निघताना बोलायचं ते राहिलंच, म्हणून रेल्वेत लिहितोय. अक्षर हललं तर गुण कापू नकोस.

बसमधून उतरलो आणि तू हेल्मेट घालून उभी. मी म्हटलं, मी चालवतो. तू म्हणालीस, की रस्ता मला माहीत आहे, तू मागे बस. अख्खं गाव बघत होतं. एवढा धिप्पाड मी, आईच्या कमरेला धरून. पहिल्या वळणावर मी डोळे मिटले, लाज सांगतो. दुसऱ्या वळणावर उघडले. तू वळणाच्या कितीतरी आधी वेग कमी करतेस, आणि मान वळवून पुढचा रस्ता आधीच बघून ठेवतेस. कुबात गाडी अशी कधी चालवत नाही. मीही चालवली नसती.

आई, मी एक ठरवून आलो होतो. नोवोसिबिर्स्कला दोन खोल्यांचं घर बघितलंय, ऊबदार आहे, शेजारी दवाखाना. तुला घेऊनच जायचं, असं मित्रांना सांगून निघालो होतो. मग तुझ्याबरोबर वर शाळेत आलो. तुझ्या गाडीचा आवाज ऐकून पोरं उतारावरून धावत आली, आणि त्यांच्या आया दारात येऊन उभ्या राहिल्या. मग मी विचारलंच नाही. रोज सकाळी विचारणार होतो, रोज चहा प्यायलो.

सांभाळून राहा. बर्फ पडलं की गाडी काढू नकोस.

तुझ्या मागच्या सीटवरचा,
मेलिस


तेरेक-सू,
१९ नोव्हेंबर २००९

चि. मेलिस यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

घाट बर्फाने बंद झाला. गाडी खाली दामिराच्या गोठ्यात आहे, तिच्या नवऱ्याच्या राखणीत. तो गाडीवर नुसता बसून राहतो म्हणे. मी वसंतापर्यंत इथेच, एका विद्यार्थिनीच्या घरी. खोली छोटी आहे, चूल चांगली आहे. पोरं संध्याकाळीही येऊन बसतात, घालवल्याशिवाय जात नाहीत.

तू बसमधून उतरलास तेव्हाच मला कळलं होतं, की काहीतरी विचारायला आलायस. विचारायचं असलं की तू लहानपणापासून कानाची पाळी ओढतोस. माझं उत्तर तयार होतं, शांत, तुला लागणार नाही असं. मनात पाठ केलं होतं. तू विचारलं नाहीस. शहाण्यासारखं वागलास, आणि मी देवाचे आभार मानले.

पण बस वळणाआड गेली आणि मला वाईट वाटलं. आपल्या लेकाने एकदा तरी चल म्हणावं असं प्रत्येक आईला वाटतं रे. पुढच्या वेळी आलास की विचार. मी नाहीच म्हणणार आहे. पण तू विचार.

तुझी,
आई