नव्या तांदळाची टोपली

कुरखेडा. डिसेंबर १९५६, मंगळवार, दिवे लागले.

सखूबाई अजून आमच्या ओसरीवर बसून आहे. काय सांगू तिला?

उन्हाळ्यात तलाव आटला, मासे संपले, तेव्हा तिनं आपली चंद्री शहरातल्या अनाथाश्रमाच्या साहेबांबरोबर पाठवली. इकडे अडचणीत लेकरू दुसऱ्याकडे ठेवतात, आणि धान निघालं की नव्या तांदळाची टोपली देऊन परत आणतात. तिनं हेही तसंच धरलं.

आज साहेब आमच्याकडे उतरले. तिनं टोपली पुढे केली. साहेब गहिवरलेच. "बघा, गरीबसुद्धा दान देतात!" म्हणाले, आणि तांदूळ मोटारीत ओतून घेतले.

मी म्हटलं, "दान नाही हो, ती पोर मागतेय."

"अहो, पोर मजेत आहे, शाळेत जाते. इथं आणून उपाशी मारायची?"

असेलही मजेत. मग मला का टोचतंय? देणगीदारांना साहेब दरवर्षी छापील अहवाल पाठवतात. आणि आईला? आईला मोटारीचा धुरळा. की मीच चुकतोय? मी लिहायला घेतलेली अर्धी कथा टेबलावर पडली आहे, तिच्यात मला सगळी उत्तरं येतात.

सखूबाई मात्र खूश. "तांदूळ घेतले ना त्यायनं! आता मोटार चंद्रीलेच आनाले गेली ना, भाऊ?"

 मी कंदील आणून तिच्याजवळ ठेवला.

रिकामी टोपली तिनं जवळच ठेवली आहे. पोरीचे कपडे त्यात न्यायचे म्हणते.