काच गार लागते

प्रिय ज्ञानदीप,

सप्रेम जय भीम. रविवारी फोनवर तू बाबांची तब्येत विचारलीस आणि मी 'एकदम ठीक' म्हणाले. फोन बैठकीत, बाबा समोरच पेपर घेऊन बसलेले. दुसरं काय सांगणार होते? म्हणून हे पत्र. मला बाबांची फार काळजी वाटते आहे रे, आणि ती एकटीने वागवणं आता माझ्याच्याने होत नाही.

वरवर पाहशील तर मलाच वेडी म्हणशील. त्यांच्या मिलला टाळं लागल्यापासून बाबा पूर्वीपेक्षा जास्त हसतात. आपल्या परदेशीपुऱ्यात कोणी भेटलं की 'अरे भिया, अपन तो साहब हो गए, रोज संडे' म्हणत टाळी देतात. आईला भाजी निवडून देतात, आणि ती नीट निवडत नाहीत म्हणून बोलणीही खातात. मी जबरदस्तीने पलासियाच्या डॉक्टरांकडे नेलं, तर सगळं नॉर्मल. तरी मी रोज त्यांच्या कपाळाला उलटा हात लावून बघते. मिलच्या बुनाई खात्यातली, मागांवरची ही सवय त्यांनीच आपल्याला लावली ना? यंत्र तापलंय का ते तळव्याने बघायचं नाही. चटका बसला तर उलटा हात आपोआप मागे येतो. तू तर वरणाच्या पातेल्यालाही तसाच हात लावायचास आणि आईचे धपाटे खायचास.

प्रयोगशाळेत हीच सवय मला नडली. आम्ही करतो ते दिवे तुमच्या कारखान्यातल्या ट्यूबलाइटसारखे नसतात. काचेवर सेंद्रिय पदार्थांचे केसाहून कितीतरी पातळ थर द्यायचे. वीज सोडली की ते थरच उजळतात. दिसतात फार सुंदर, पण टिकत नाहीत. यंदा एकामागून एक दिवे विझत चालले होते आणि मी काचेला उलटा हात लावून अच्युत सरांना सांगत होते, गार आहे सर, गरमीचा प्रश्नच नाही. शेवटी सर वैतागले. म्हणाले, 'बाई, काचेला काय पूछते, अंदरच्या थराला पूछ ना!'

पण थरात थर्मामीटर घालणार कसा? घालायला गेलं तर दिवाच संपेल. मग दिव्यालाच थर्मामीटर करायचं ठरलं. आधी त्याला भट्टीत ठेवून, कुठल्या तापमानाला अगदी थेंबभर वीज दिली तर किती व्होल्ट पडतात ते बघून ठेवलं. थर जितका तापलेला, तितके व्होल्ट कमी. मग तो झगझगीत पेटलेला असताना क्षणभर वीज तेवढीच थेंबभर करायची आणि झटकन व्होल्ट बघायचे. ज्ञानदीप, काच जेमतेम कोमट होती आणि आत थर भाजून निघत होता. मला त्या दिवशी डबा गेला नाही. दिव्यासाठी नव्हे. डोळ्यांसमोर बाबा होते.

आता आम्ही वीज बेताने देतो, गरमी ओढून घ्यायला मागे धातूची पट्टी लावतो. दिवे टिकायला लागलेत. सर खूश आहेत, तूही खूश हो. पण घरी काय करायचं ते मला कळत नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी नेहमीसारखी लाइट गेली. टीव्ही बंद, आई शेजारी गेलेली, गल्लीतही कोणी टाळी द्यायला नाही. ओट्यावर मी आणि बाबा. तब्येतीचं काही न विचारता मी सहज म्हटलं, रोज सकाळी सायकल घेऊन कुठे जाता? या वेळी ते हसले नाहीत. म्हणाले, 'पिपल्यापाला तलावावर. पाण्याजवळ उभं राहिलं की वाटतं, बस हो गया.' मग म्हणाले, 'आईला नको सांगू, बेटा.' मी त्यांचा हात धरला.

तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांच्याबरोबर जाते. त्यांना कळतं मी का येते, तरी नको म्हणत नाहीत. मनाच्या आजाराच्या एका डॉक्टरांशीही मी बोलून आले. बाबा आधी चिडले, मग खाली बघत म्हणाले, 'ज्ञानू आला तर येईन.' एवढं एकच त्यांनी मागितलं आहे. पत्र मिळताच नीघ. सुपरवायझर रजा देत नसेल तर भांड, पण ये. आणि हे वाचून आधी त्यांना फोन मात्र करू नकोस. फोनवर ते पुन्हा हसतील.

वाट बघणारी तुझीच ताई,
पंचशीला