स्तोयान रेषेबाहेर

१७ नोव्हेंबर, सावेडी
स्तोयान आज फुटबॉल खेळताना पडला. गुडघा. उपांत्य सामना, आमचा क्लब एका गोलने पुढे. समोरचा वेगात आला, स्तो.ने नेहमीसारखा पाय घालून चेंडू काढला आणि मग उठलाच नाही. लांबून मला वाटलं, गवतावर आडवा होऊन आकाश बघतोय. खरंच बघत होता. रिक्षात म्हणाला, "ढग फार हळू चालले होते."

१९ नोव्हें.
डॉक्टर म्हणाले, चालणं-फिरणं होईल, खेळणं बंद. स्तो.ने माझ्याकडे बघितलं, मी बल्गेरियनमध्ये सांगावं म्हणून. त्याला इंग्रजी नीट कळतं. तरी सांगितलं.
बल्गेरियात, प्लोव्हदिवला शिकत होते तेव्हा घरमालकीणबाईंनी सामन्याला नेलेलं. सगळ्यांचे डोळे गोलवर. माझे मात्र मागे उभ्या असलेल्या, हाताने दुसऱ्यांना जागा दाखवणाऱ्या एका उंच माणसावर. तोच स्तो. लग्नानंतर माझ्या नोकरीसाठी नगरला आला. तिथला पगारी खेळ सोडून. कधी बोलून दाखवलं नाही. मी कधी विचारलंही...

२ डिसेंबर, राहुरी
माहेरी, आण्णांकडे. स्तो. ओट्यावर पाय लांब करून. आण्णा ऊस सोलून त्याच्या हातात देत म्हणाले, "पाव्हणं, खेळ न्हाई तर न्हाई. क्लबातल्या पोरींना शिकवा की. तुमाला मागून समदं दिसतंय."
"मागून दिसतं. बाहेरून न्हाई दिसत."
(त्याचं मराठी आण्णांकडूनच आलंय.)
संध्याकाळी मुळा धरणावर. पाणी कुठे संपतं नि धुकं कुठे सुरू होतं, कळेना. बरं वाटलं.

११ डिसें.
क्लबने मुलींचा संघ त्याच्याकडे दिला. मॅनेजर म्हणे. रेषेबाहेर उभं राहायचं, एवढंच काम, पण पाय आपोआप आत. शेवटी बचावातली सारिका म्हणाली, "सर, तुमी मधी आले की आमी बारा हुतो."
हसला. कितीतरी दिवसांनी.

२८ डिसें.
मुली हरल्या. वाईट हरल्या. सारिका गोलखांबाला टेकून रडत होती. स्तो. तिच्या शेजारी खाली बसला, गुडघा दुखत असून.
"तू चेंडूकडे बघत होतीस. तेवढ्यात समोरची निघून गेली."
"मग चेंडूकडं बघू नको का?"
"बघ. पण चेंडू एकटा गोल करत न्हाई."
परतताना स्कूटरवर मागे बसून माझ्या पाठीवर बोटाने रेघा ओढत होता. चौघी मागे, तिघी मधे, असं काहीतरी. सिग्नलला थांबले तरी चालूच.

९ जानेवारी
त्याच्या जुन्या क्लबचा प्लोव्हदिवहून फोन. तळाला आहेत, मॅनेजर सोडून गेला. उरलेला हंगाम सांभाळशील का? मटार सोलता सोलता सांगितलं मला, जणू कुणा तिसऱ्याचीच गोष्ट. कान मात्र लाल.
"तू पण चल," म्हणाला. मग, "म्हणजे, तुला वाटलं तर."
माझी लॅब. आण्णांचं वय. या घराच्या गॅलरीत येणारं ऊन. मटार संपले तरी दोघं बसून होतो.

१२ जाने.
पहाटे स्वप्न. मैदानभर ऊस उभा, गोलच्या चौकटीपर्यंत. स्तो. कुठे दिसत नाही, पण एका जागी तुरे हलतात, मग पुढे, मग आणखी पुढे. मी हाक मारत नाही. का मारत नाही?
आण्णांना फोनवर सगळं सांगितलं. बराच वेळ ऐकून घेतलं. मग, "तू म्हनलीस तवा त्यो इकडं आला. आता..." वाक्य तसंच ठेवून म्हशीला पाणी दाखवायला गेले.

१५ जाने.
मी स्तो.ला जा म्हणाले. मी येईन की नाही, ते मात्र सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. मुलींनी त्याला गांधी टोपी घातली, फोटो काढले. सारिका फोटोत आलीच नाही.

३ फेब्रुवारी
स्तो. गेल्यापासून संध्याकाळी मैदानावर जाते. मला फुटबॉलचं ओ की ठो कळत नाही. मुली पळतात, मी उभी राहते.
आज तिथूनच त्याचा व्हिडिओ कॉल. त्याच्याकडे दुपार. रिकामं स्टेडियम, मैदानावर बर्फ, सगळं दुधासारखं. रेषा दिसतच नाहीत. उद्या पहिला सामना. म्हणाला, "सगळे माझ्याकडे बघतात. मी कुणाकडे बघू?"
मग हळूच, "तू काय ठरवलंस?"
इथे ऊन कलत होतं. मुलींच्या सावल्या त्यांच्यापेक्षा लांब, धुळीतून सरकणाऱ्या. तोंडाशी शब्द आला होता, कुठला ते मलाही ठाऊक नाही. तेवढ्यात त्यानेच विचारलं, "मागे कोण खेळतंय आज?"
मी फोन मैदानाकडे फिरवला. तो तिकडून बघत राहिला, मी इकडून.