ओली गाठ

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. बाबा बरे आहेत, मीही. त्यांचा खोकला थांबला आहे. वहिनीला विचारल्याचं सांग.

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्येच हसतोस आणि मला जे म्हणायचं असतं ते राहून जातं. तुझ्या 'गळ टाकून बसलोय' कार्यक्रमाच्या शंभराव्या भागात तुला बाबांना घ्यायचं आहे. शूटिंग घरी. भागाचं नाव 'बाप-लेक'. बाबांना आता सही जमत नाही, म्हणून संमतीच्या कागदावर माझी सही हवी. परवा तू त्यासाठी केवढी गळ घातलीस. तुझा धंदाच तो. तरीही माझं उत्तर नाही असं आहे. कारणं देते.

बाबांची खोली लहान आहे. पलंग, टीव्ही आणि खुर्ची ठेवल्यावर कॅमेऱ्यासाठी जागा उरत नाही. दिव्यांच्या उष्णतेने त्यांना घाम येतो आणि ते घाबरतात. अनोळखी माणसं आली की ते न्हाणीघरात जाऊन कडी लावून घेतात. गेल्या महिन्यात मीटर बघणारा आला तेव्हा असं झालं. कडी बाहेरून काढावी लागली. मी काढली. अवजारं माझ्याकडे असतातच.

तू विचारलंस, माझा कार्यक्रम बाबा बघतात का. बघतात. ते आता मासेमारीखेरीज दुसरं काही बघतच नाहीत. सगळ्यात लाडका कार्यक्रम बर्फात भोक पाडून बसणाऱ्या म्हाताऱ्याचा. त्यात काहीच होत नाही, म्हणून तो त्यांना झेपतो. दुसरा खोल समुद्रातल्या बोटींचा. त्यात मासे कमी आणि भांडणं जास्त. बाबा म्हणतात, "यांना घरी भांडायला बायका नाहीत काय?" तिसरा तुझा. तू पडद्यावर आलास की ते ताठ बसतात. आणि तू गळ बांधायला लागलास की दर वेळी ओरडतात, "अरे, थुंकी लाव आधी! थुंकी!" त्यांना सांभाळायला येणाऱ्या मावशीही आता त्यांच्याबरोबर ओरडतात. मावशींनी जन्मात गळ हातात धरलेला नाही.

पण बाबांचं बरोबर आहे. नायलॉनची दोरी कोरडी आवळली की घर्षणाने गाठीत उष्णता होते, दोरीचा पृष्ठभाग जळतो आणि ती तिथेच कमजोर होते. लिफ्टचे वायररोप चाचणीसाठी ताणून तोडायचे, हे माझं रोजचं काम, म्हणून जेवणाच्या सुट्टीत आमच्या यंत्रावर गळाची दोरीही ओढून पाहिली. कोरडी गाठ दर वेळी गाठीतच तुटली. ओली करून आवळलेली जास्त ताण सोसते. तुला हे माहीत नाही याचं नवल नाही. तू तिथे नव्हतास.

प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तू सांगतोस, की सात वर्षांचा असताना बाबांनी तुला पहाटे उठवून तलावावर नेलं. तलावावर कोण जायचं ते आपल्या दोघांना माहीत आहे. तू एकदाच आलास, होडीत ओकलास, आणि तुला घरी पोचवण्यात बाबांची सुट्टी गेली. गांडूळ दिसलं की तू खुर्चीवर चढायचास. पत्र्याच्या डब्यावर बसणं, ओले मोजे, बाबांचं "गाठोडं, हलू नकोस, मासा ऐकतो" हे सगळं माझं. तुला हे काम मिळालं त्या दुपारी तू विचारलंस, म्हणून मी सांगितलं. तू मांडी घालून समोर बसला होतास. मला वाटलं, भाऊ ऐकतोय. तू पाठ करत होतास.

असो. सही मिळणार नाही. पुन्हा विचारलंस तर गाठ माझ्याशी आहे. हा विनोद आहे. निम्मा.

तुझी बहीण


२१ फेब्रुवारी

दादा,

सोबत सही केलेला कागद आहे. लगेच फोन करू नकोस. आधी हे शेवटपर्यंत वाच.

गेल्या पत्रात मी खोलीचं माप सांगितलं, दिव्यांची उष्णता सांगितली. सगळं खरं होतं, पण कारण ते नव्हतं. कारण असं, की बाबा आता मला ओळखत नाहीत. दिवाळखोराने दुकान आवरावं तसं एकेक आवरत गेलं, त्यात माझं कपाट आधी रिकामं झालं. त्यांच्या मते मी औषधं देणारी बाई. "अहो बाई, पाणी देता का?" असं फार अदबीने म्हणतात. माझ्या आयुष्यात बाबा पहिल्यांदाच मला अहोजाहो करताहेत.

या बाईला ते तलावाच्या गोष्टी सांगतात. पहाट, डबा, मोजे, 'मासा ऐकतो', एकही तपशील चुकत नाही. फक्त डब्यावर तू असतोस. "मुलगा असायचा माझ्याबरोबर, आमचा दादा," म्हणतात. "तोच हा, टीव्हीतला." मी एकदा विचारलं, "आणि मुलगी?" ते आठवून म्हणाले, "ती घरी थांबायची. तिला पाण्याची भीती."

म्हणजे तुझी भीतीही मलाच मिळाली. वाटणीत काही वाया गेलं नाही.

सुरुवातीला मी वाद घातला. जुना फोटो दाखवला, होडीतला, माझा. फोटोतल्या फ्रॉककडे त्यांनी नीट पाहिलं आणि मग त्यांचा चेहरा उतरला. "चुकलं असेल माझं, बाई," म्हणाले. माझी माफी मागितली. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

रविवारी तुझा कार्यक्रम लागला होता. तू कोरडी गाठ आवळलीस. ते आणि मावशी ओरडले. मग मावशी चहा करायला गेल्या, आणि बाबांनी वाकून स्वतःच्या बुटाची नाडी ओढून काढली. या माणसाला शर्टाचं बटण लावता येत नाही. त्यांनी नाडीचा फास केला, पाच वेढे दिले, टोक परत आत घातलं. सगळं न बघता, डोळे टीव्हीवर. आवळण्याआधी थांबले आणि ती गाठ डाव्या बाजूला खाली धरली. खुर्चीच्या हाताच्याही खाली. डब्यावर बसलेल्या सात वर्षांच्या मुलीचं तोंड येतं, त्या उंचीला.

सिगारेटमुळे तेव्हा बाबांचं तोंड सदा कोरडं असायचं. गाठ ओली करणं माझं काम होतं. त्या दुपारी तुला सगळं सांगितलं, हे सांगायचं राहिलं. मुद्दाम नव्हे. खिशात एखादं नाणं राहून जातं तसं.

त्यांचा हात काही खाली येईना. मी खुर्चीवरून उतरले, फरशीवर बसले आणि गाठ ओली केली. नाडीला बूटपॉलिशची चव होती. त्यांनी ती सावकाश आवळली, ओढून पाहिली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबास, दादा."

मी उठून चूळ भरली.

आता कामाचं. तू समोर बसलास आणि हातात दोरी आली, की बाबा हेच करतील. तुला माहीत नसतं तर तू हसला असतास, त्यांचा हात हातात घेऊन कॅमेऱ्याकडे वळला असतास. सगळ्यांना दिसलं असतं, की तो हात कशासाठी आहे ते तुला ठाऊक नाही. तुझी गोष्ट गाठीतच तुटली असती. हे चित्र मला दोन दिवस फार आवडलं. सहीही त्याच भरात केली.

पण तो हात पुढे राहिला असता. मग थकून खाली आला असता, त्यांनी त्याच्याकडे पाहिलं असतं आणि सगळ्यांसमोर म्हणाले असते, "चुकलं असेल माझं." ते मला चालणार नाही.

म्हणून लिहून देते. त्यांच्या डाव्या हाताला बस, खाली, फरशीवर. गाठ पुढे आली की खरंच ओली कर, देखाव्यापुरती नको. तेव्हा हसू नकोस. बोलू तर अजिबात नकोस, मासा ऐकतो. ते आवळेपर्यंत हलू नकोस.

चारनंतर ते भांबावतात, त्याआधी आटपा. माणसं कमीत कमी आण, दिवे खिडकीकडून लाव. दार मावशी उघडतील. मी कामावर असेन, त्या दिवशी एक मोठा वायररोप तोडायचा आहे. कार्यक्रमात माझा उल्लेख नको. मध्येच बाबांनी विचारलं, "त्या बाई कुठे गेल्या?" तर सांग, संध्याकाळी येतील.

तुला माहीत नाही असं माझ्याकडे आता काही उरलेलं नाही.

गाठोडं

(हे नावही हवं असेल तर घे. या घरात ते आता कुणी वापरत नाही.)